बकुळाचा निळा बोका

बटण हा बोका मुळात पांढरा आहे, हे आमच्या गल्लीला फार उशिरा कळलं. तोवर आम्ही त्याला राखाडी समजत होतो, आणि बकुळाची लेक ऋतिका तर त्याला सरळ 'मळका' म्हणायची. यात बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये ज्या घरात जीन्सचं काम चालतं, त्या घरात कुठलीच वस्तू तिच्या मूळ रंगाची राहत नाही. बकुळाच्या घरच्या भिंती हात पोचेल तिथपर्यंत निळ्या, उशांचे अभ्रे निळे, देव्हाऱ्यातला गणपतीसुद्धा कानाशी जरा निळसर. मग बोका कुठून सुटणार?

आधीच सांगून टाकते, मला मांजरं आवडत नाहीत. बकुळाच्या दारासमोर माझं पोळीभाजी केंद्र आहे. दूध, तूप आणि अर्धवट झाकलेली पातेली, हा माझा संसार. बटणने माझ्या दुधात तोंड घातलं नाही असा दिवस जात नसे. जितक्या शिव्या मी त्याला दिल्या तितक्या माझ्या नवऱ्यालाही दिल्या नसतील, आणि नवऱ्याच्या बाबतीत मी काही हात आखडता घेतलेला नाही. तरी ही हकिकत मीच सांगणार. गल्लीत बाकी कुणाला सांगू दिली तर सगळं श्रेय बोक्याला देतील.

बकुळा मालवणकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं आणि गल्लीतल्या अर्ध्या लोकांना तिचं मालवणी समजत नव्हतं. आमची मैत्री त्यामुळेच जमली, कारण मला तिचं बोलणं कळायचं आणि मी दोन्हीकडून भांडायची. तिचा नवरा हरिचंद्र चंदरशेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. शांत माणूस. एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून टेबलावरून उठला आणि दवाखान्याच्या पायरीवरच गेला. ऋतिका तेव्हा शाळेत होती. बकुळाने पंधरवडाभर कुणाशी शब्द काढला नाही. मग एक दिवस चंदरशेठच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेरे को काम दो. घर पे करेगी."

तेव्हापासून ती धागे कापते. शिवून झालेल्या जीन्स कारखान्यातून गठ्ठ्यांनी तिच्या घरी येतात. शिलाई संपते तिथे, खिशांच्या कोपऱ्यांना, कमरेच्या पट्टीला धाग्यांची शेपटं लोंबत असतात. छोट्या कात्रीने ती कापायची, पॅन्ट उलटी करून आतलीही कापायची, झटकायची, घडी घालायची. हे कापड न धुतलेलं असतं, हात लावाल तिथे रंग सोडतं. बकुळाची नखं बारा महिने निळी. कुणाच्या लग्नाला गेली की हात पदराखाली धरून बसायची, आणि मी मुद्दाम तिला सगळ्यांसमोर ओटी भरायला पुढे ढकलायची.

बटण आला तोही अशाच एका गठ्ठ्यातून. गाठ सोडली तर दोन पॅन्टींच्या मध्ये एवढंसं पिल्लू, डोळेसुद्धा नीट न उघडलेलं. कारखान्यातल्या मांजरीने ते मालात ठेवलं असणार आणि कुणीतरी न बघता गठ्ठा बांधला. बकुळा पिल्लू पदरात घेऊन कारखान्यात गेली, पण मांजरीचा पत्ता नव्हता. चंदरशेठ म्हणाला, "रख ले, अदी. तेरे माल के साथ आया है, तेरा ही है." चंदरशेठ सिंधी, 'अदी' म्हणजे त्यांच्यात बहीण. तो बकुळाला पहिल्या दिवसापासून अदीच म्हणतो.

ऋतिका शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. तिने आणि अभिजीतने, म्हणजे आमच्या जावयाने, बदलापूरला फ्लॅट घेतला. छान फ्लॅट आहे. पांढऱ्या टाइल्स, पांढरा सोफा, खिडकीतून डोंगर दिसतो. आणि तिथे आईसाठी एक खोली आहे, हे ऋतिका फोनवर दर वेळी सांगायची.

"आई, बस झालं ना आता. डोळे जातील तुझे. इथे येऊन राहा."

"येईन गो. पण बटणाक कोण बघतलो?"

"त्याला शलाकाकाकी बघतील. इथे मांजर नको, प्लीज. सोफ्याचं काय होईल, विचार कर."

शलाकाकाकी म्हणजे मी. मी बोक्याला बघेन असं मला कुणी विचारलं नव्हतं, पण ते असो. सांगायची गोष्ट अशी की बकुळाला बदलापूरला जायचंच नव्हतं. तिला तिची खोली हवी होती, तिची कात्री, माझ्याशी दारातून दारात मारलेल्या गप्पा, चंदरशेठचं 'अदी'. एवढ्या वर्षांत स्वतःच्या हाताने उभं केलेलं ते घर होतं. पण पोटच्या पोरीला 'मला यायचं नाही' असं तोंडावर सांगणं तिच्याने होत नव्हतं. पोरीला वाटेल, आईला माझ्यापेक्षा गठ्ठे प्यारे. म्हणून ती बोक्याचं नाव पुढे करायची, ऋतिका 'मांजर नको' म्हणायची, आणि विषय पुढच्या फोनपर्यंत मिटायचा. हे मला कळत होतं. बटण आहे तोवर बकुळा समोरच्या दारात आहे, हा हिशोब माझ्या मनात पक्का होता. त्यामुळे शिव्या देत का होईना, मी त्याला दूध पिऊ देत होते.

दिवाळीच्या मालाचे दिवस होते. गठ्ठे इतके आले होते की बकुळाला झोपायला जेमतेम चटईएवढी जागा उरली होती. बटण गठ्ठ्यांच्या डोंगरावर, नाहीतर त्यांच्या फटीत. एका दुपारी तो फटीतून किंचाळत बाहेर आला आणि मागचा पाय झटकत खोलीभर धावला. बकुळा हसली. तिला वाटलं, लेबलाची टाचणी टोचली असेल. टाचण्या पडलेल्याच असतात. मग तिने त्याच फटीतला गठ्ठा सोडला, पॅन्ट झटकली, तर पायाच्या नळीतून एक काळपट कोळी खाली पडला. तिने तो चपलेने मारला, केराबरोबर भरला आणि पुढची पॅन्ट हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला बटणच्या मांडीला आतून निळा-काळा डाग दिसला. ज्या घरात सगळंच निळं, तिथे निळ्या डागाचं कुणाला काय वाटणार? "नवीन मालाचा रंग लय सुटता," असं म्हणत तिने ओल्या फडक्याने डाग पुसला. जाईना. मग साबण लावला. तरी जाईना, तेव्हा नखांचा रंग काढायला ती जे करते तेच केलं, लिंबाची फोड घेऊन घासली. एरवी पाणी दाखवलं तरी ओरबाडणारा बोका, पण तेव्हा त्याने पंजासुद्धा उगारला नाही. बकुळाला वाटलं, शहाणा झाला.

इकडे माझं दूध सुखरूप राहिलं. पहिल्या दिवशी मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी पातेल्यावर झाकण न ठेवता बघितलं, तरी साय जशीच्या तशी. तिसऱ्या दिवशी माझ्या जिवाला चैन पडेना. पोळ्या लाटायच्या टाकून मी समोर गेले आणि म्हटलं, "तुझा चोर कुठे आहे?"

तो देव्हाऱ्याखाली पडला होता. डोळे अर्धे मिटलेले, नाक कोरडं. मी पाय उचलून बघितला. मांडी पुरीसारखी फुगली होती आणि हाताला चटका बसावा इतकी गरम होती. डाग आता तळव्याएवढा झाला होता आणि मधोमध काळा ठिक्कर पडला होता. मी जरा बोट लावलं तर तिथले केस माझ्या बोटाला चिकटून आले.

"बकुळे, हा रंग नाही गं," मी म्हटलं.

ती कात्री हातात धरून तशीच बसली. मग तिला ते किंचाळणं आठवलं, तो कोळी आठवला, आणि लिंबू आठवलं. "मी त्येच्या जखमेवर लिंबू घासलंय, शलाका," ती म्हणाली. "आणि तो माझ्याकडे बघत रवलो." नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी ती त्या दिवशी रडली.

एका बाईने चंदन उगाळून लावायला सांगितलं. तिला मी घरी पाठवलं. केंद्राला कुलूप लावलं, रिक्षा थांबवली आणि आम्ही बटणला टॉवेलमध्ये गुंडाळून अंबरनाथ पूर्वेला जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो. रिक्षावाल्याने मांजर बघून नाक मुरडलं, पण माझं तोंड बघून काही बोलला नाही.

डॉक्टर उन्नती भोईर वयाने ऋतिकाएवढ्या असतील. त्यांनी पायावरचे केस काढले, भिंगातून बघितलं आणि आम्हाला दोन बारीक टोचल्याच्या खुणा दाखवल्या.

"कोळीच चावला असणार. कुठल्या जातीचा, ते मी सांगू शकत नाही. विषाने आजूबाजूची कातडी मरतेय, आणि अंगात ताप आहे. यावर उतारा म्हणून वेगळं इंजेक्शन नसतं. सलाईन देते, दुखणं कमी करायचं औषध देते, जखमेत पू होऊ नये म्हणून औषध देते. बाकी सगळं जखम सांभाळण्यावर आहे."

"पाय?" बकुळाने विचारलं.

"काळं पसरायचं थांबलं तर पाय वाचेल. पसरत वर गेलं तर पाय काढावा लागेल, आणि इतका अशक्त असताना त्याला ते झेपेल असं मी सांगणार नाही. म्हणून मला रोज जखमेचा रंग नीट दिसला पाहिजे." मग त्यांनी हातातला कापूस आम्हाला दाखवला. तो निळा झाला होता. "हे काय आहे?"

बकुळाने आपले हात पुढे केले. डॉक्टरांनी ते बघितले आणि त्यांच्या लक्षात आलं.

"मावशी, हा रंग जखमेत जाता कामा नये. आणि असा रंग वर बसला तर काळं वाढतंय का, तेही मला कळणार नाही. जिथे हे काम चालत नाही अशा घरी त्याला ठेवा. जखम भरेपर्यंत."

त्यांनी बटणच्या गळ्यात एक्स-रेच्या जुन्या फिल्मचं नरसाळं बांधलं, म्हणजे तो जखम चाटणार नाही. कुणाच्या तरी छातीच्या फासळ्या गळ्यात घालून आमचा बोका बाहेर आला.

रिक्षात बकुळा टॉवेलचं टोक पुन्हापुन्हा नीट करत होती. मला कळत होतं ती काय विचार करतेय. माझं घर म्हणजेच केंद्र, तिथे जखमेचं मांजर ठेवून मी लोकांना पोळ्या विकू शकत नव्हते. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे नकोच. तिथे तो तुझं दूध बघूनच मरेल." मग तिने पिशवीतून मोबाईल काढला आणि ऋतिकाला फोन लावला.

तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्या घरात मांजर नको, ता माका म्हायती आसा. पण मी आता खंय जाऊ?"

फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. मग ऋतिका म्हणाली, "आई, रडू नकोस. घेऊन ये. आत्ताच्या आत्ता ये."

बकुळाने घर आवरलं ते मी बघत होते. फक्त दोन साड्या आणि कात्री, एवढंच तिने पिशवीत टाकलं. जास्त सामान घेतलं तर परत यायला मिळणार नाही असं तिला वाटत होतं, हे न सांगता दिसत होतं. गठ्ठे न्यायला चंदरशेठ स्वतः टेम्पो घेऊन आला. ऐन दिवाळीच्या मालात काम अर्धवट टाकून चाललेली बाई, दुसरा शेठ असता तर चार शब्द बोलला असता. बकुळा त्याला म्हणाली, "शेठ, मेरा काम दुसरे को मत देना. मैं आएगी वापस."

चंदरशेठने टॉवेलमधल्या फासळ्यांकडे बघितलं. "अदी, मेरे ही माल में काटा इसको. तू जा. तेरी जगह कहीं नहीं जाती."

मी मात्र रात्रीच्या पोळ्या लाटताना समोरच्या कुलपाकडे बघत होते आणि माझी खात्री झाली होती की ही आता येत नाही.

बदलापूरला ऋतिकाने सोफ्यावर चादरींचे तीन थर घातले होते आणि हातात रबरी मोजे चढवून तयार उभी होती. बटणला बघून ती दोन पावलं मागे सरकली. पण बकुळाच्या नखांतला निळा अजून गेला नव्हता, तिला पट्टीला हात लावता येईना. तेव्हा ऋतिकानेच ती धरली. पहिल्या दिवशी मान वळवून, दुसऱ्या दिवशी बघून. रोज कोमट पाण्याने जखम साफ करायची, मलम लावायचं, जाळीची पट्टी बांधायची, फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा. फोटोत जखमेशेजारी दरवेळी तोच कंगवा ठेवायची, म्हणजे काळं वाढलं की नाही ते कळेल. ही युक्ती तिचीच. डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत मायलेकी मोबाईल मध्ये ठेवून बसायच्या. काही दिवसांनी मोजे कुठे गेले ते तिलाही आठवेना.

काळं पसरायचं थांबलं. ते थांबलं त्या दिवशी बकुळाने मला फोन करून नुसतं, "थांबला गो, थांबला," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. पण दुसरंच संकट उभं राहिलं. बटण खाईना. ऋतिकाने बाजारातलं मांजरांचं खाणं आणलं, बोंबील भाजले, कोळंबी उकडली. हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. सिरिंजने पेज भरवली तर अर्धी बाहेर. डॉक्टरांनी सांगितलं की पोटात अन्न गेलं नाही तर जखम भरणार नाही, वाचवलेला पायही उपयोगाचा नाही.

रविवारी मी केंद्र बंद ठेवलं आणि घरचं दूध बाटलीत भरून बदलापूरला गेले. साय वेगळी, डब्यात. दारातच मी ओळखलं नाही, इतका बोका पांढरा दिसत होता. रोज ओल्या कापडाने पुसून पुसून ऋतिकाने त्याचा सगळा निळा काढला होता. कापसासारखा पांढरा, कानांच्या आत गुलाबी, आणि अंगावर बघावं तिथे हाडं. मला एकदम भरून आलं. मला मांजरं आवडत नाहीत, हे मी सांगितलंच आहे.

बकुळाने वाटीत दूध घालून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने तोंड फिरवलं.

"अगं, असं काय देतेस त्याला?" मी म्हटलं. "त्याने माझं दूध कधी दिलेलं प्यायलंय का? सरका सगळ्या."

मी स्वयंपाकघरात पातेलं मागितलं. त्यात दूध ओतलं, वर साय सोडली, कडेला जमिनीवर ठेवलं आणि झाकण तिरकं टाकलं, माझ्याकडे पडतं तसं. ऋतिकाने त्याच्या गळ्यातलं नरसाळं सोडलं. मग मी त्याच्याकडे पाठ करून मोठमोठ्याने पोळ्यांच्या गिऱ्हाइकांवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. मायलेकींनाही वळून बसायला लावलं. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या शिव्या संपत आल्या. आणि मग झाकण टाइलवर पडल्याचा आवाज आला.

"मेल्या!" मी वळून ओरडले. सवयच तशी आहे. तो तीन पायांवर तोल सांभाळत पातेल्यात डोकं घालून लपालपा पीत होता, आणि ऋतिका तोंडावर हात ठेवून हसत होती, रडत होती.

त्यानंतर त्या घरात रोज दूध चोरीला जायला लागलं. अभिजीत कामावरून आल्यावर पातेल्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचा. काळी कातडी सुकून एक दिवस गळून पडली. खाली गुलाबी मांस होतं, कडेने आत भरत येणारं. बटण पाय टेकायला लागला, मग सोफ्यावर चढायला लागला. चादरींचे थर केव्हाच गेले होते. ऋतिका त्याला मांडीवर घेऊन ऑफिसचं काम करायची.

मी मधूनमधून जात होते. एकदा गेले तर बकुळा खिडकीशी कात्री घेऊन बसली होती. समोर ऋतिकाचे टॉवेल. तिने टॉवेलांच्या कडेचे सुटे धागे कापले होते, पडद्यांचे कापले होते, अभिजीतच्या शर्टांच्या आतले कापले होते. आता पायपुसण्याच्या झालरीशी तिची कात्री पोचली होती. मला बघून तिने हात पुढे केले. नखं स्वच्छ, गुलाबी.

"बघ," ती म्हणाली. "कोणाचे हात आसत हे?"

"जरा आराम कर की."

"करतंय ना. सगळे माका आरामच करूक सांगतत." आणि पुन्हा झालरीकडे वळली. ऋतिका दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने हे ऐकलं. ट्रे ठेवला आणि बिस्किटं आणायला परत आत गेली. बिस्किटं ट्रेमध्येच होती.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघी अंबरनाथला गेलो. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, नव्या कातडीवर बोट फिरवलं. तिथे केस येणार नाहीत आणि थोडा लंगडेल, पण बोका बरा झाला, असं सांगितलं. "आता कसलंही बंधन नाही. कुठेही राहू दे. बदलापूर काय, उल्हासनगर काय, त्याला आता सगळं सारखंच." हे त्यांनी आम्हा तिघींसमोर सांगितलं. मी ऐकलं, बकुळाने ऐकलं, ऋतिकाने ऐकलं.

परतताना रिक्षात ऋतिका बटणला मांडीवर घेऊन बसली होती. मी बकुळाकडे बघितलं आणि मला कळलं की तिच्या हातात आता काहीच उरलेलं नाही. 'मांजर नको' म्हणणारी पोर त्याच मांजराच्या कानामागे खाजवत होती. बटण जगला, आणि त्याने बकुळाचं एकमेव निमित्त खाऊन टाकलं. आता राहायचं नसेल तर तिला तसं तोंडाने सांगावं लागणार होतं, तेही जिने इतकं केलं त्या पोरीला. ते तिच्याने होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. फ्लॅटवर पोचल्यावर ती मला हळूच म्हणाली, "घराची चावी तुझ्याकडेच असू दे. चंदरशेठला सांग, माझं काम दे कोणाला."

मला तिचा राग आला, ऋतिकाचाही आला, आणि बोक्याचा तर आलाच. पण मी काही बोलणार तोच ऋतिका समोर येऊन बसली.

"आई, एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांचा मघाशी फोन आला होता."

"खंयचो फोन? आताच तर भेटलो."

"तू हातपाय धुवायला गेली होतीस तेव्हा. त्या म्हणाल्या, बोका इथे खातोय खरा, पण त्याचं मन रमत नाहीये. त्याला त्याच्या जुन्या जागी न्या. गठ्ठे-बिठ्ठे, त्याच्या सवयीचं सगळं हवं म्हणाल्या. नाहीतर परत खाणं सोडेल." ती सगळा वेळ बटणकडे बघून बोलत होती. "मला पण वाटतं, तू त्याला घेऊन जावंस. गठ्ठे तेवढे आधी झटकून घे."

फोन आला नव्हता. ऋतिकाचा मोबाईल आल्यापासून माझ्या समोर टेबलावर होता, फोटो बघायला म्हणून मीच मागून घेतला होता. बकुळाने त्या मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. मग तिने तिचा तो स्वच्छ हात ऋतिकाच्या गालावर ठेवला.

"डॉक्टर सांगतत तर ऐकूक होया," ती म्हणाली. "पण त्यांनी तुका अर्धाच सांगितला. माका त्या आत असतानाच म्हणाल्या, दर रविवारी बोक्याक बदलापुरास घेऊन जा. हवा बदल होया त्येका. आणि त्येचा आंग पुसूचा काम लेकीकडेच ठेवा, तिचो हात हलको आसा."

"असं म्हणाल्या?"

"अगदी अस्सा."

ऋतिकाने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

आता समोरचं दार उघडं असतं. बकुळा गठ्ठा आधी गल्लीत आणून काठीने बडवते, प्रत्येक पॅन्टची नळी उलटी करून बघते, मगच घरात घेते. चंदरशेठ तिला हसतो, पण कारखान्यातही तसं करायला त्याने सुरुवात केली आहे. बटण लंगडत येतो आणि माझ्या दुधावरचं झाकण पाडतो. सोमवारी तो पांढरा असतो, शनिवारपर्यंत पूर्ण निळा होतो. रविवारी सकाळी बकुळा त्याला टोपलीत घालते आणि मायलेकींच्या त्या डॉक्टरचं ऐकायला बदलापूरला जाते.